परदेशी नागरिकत्वाचं साल आणि त्यातले खाडे

आमच्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला लागतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. हिशेबाला बसल्यावर मालक "वर्षभर किती राबलास" हे विचारत नाही. तो वही काढतो आणि खाडे मोजतो. पोराच्या दुखण्यात चार, सासुरवाडीला सहा, बाजारच्या दिवशी एसटी चुकली तो एक. मग वाद सुरू होतो तो तान्ह्या पोळ्याच्या दिवसावरून. तो खाडा धरायचा की सणाची सुट्टी? दरवर्षी तोच वाद, दरवर्षी तोच चहा.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घ्यायला निघालेल्या माणसापुढे अशीच एक वही असते. फरक इतकाच की साल एका वर्षाचं नसून तीन, चार, पाच किंवा बारा-पंधरा वर्षांचं असतं आणि वादाला बसायला ओटा नसतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवतो. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्टची अपॉइंटमेंट, सगळं एकाच टेबलावर. गेल्या काही वर्षांत गावची आठ-दहा पोरं बाहेर गेली. त्यामुळे पूर्वी कधी न ऐकलेले प्रश्न टेबलावर यायला लागले. "पोराले तिथं सात वर्षं झाली, मंग अजून काहून नाही भेटत?" हा त्यातला सर्वात जास्त वेळा येणारा. याच प्रश्नाचं उत्तर इथे जरा सवडीनं देतो.

सुरुवातीलाच तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवू, कारण आपल्याकडे त्यांचा काला होतो. रहिवासी दाखला म्हणजे तुम्ही या गावात राहता एवढंच. अधिवास प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही महाराष्ट्राचे. त्यासाठी साधारण पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि पोरांना कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी ते आठवतं. नागरिकत्व म्हणजे तुम्ही कोणत्या देशाचे. जन्मानं किंवा आईबापाकडून मिळालेलं नागरिकत्व मागावं लागत नाही. पण परक्या देशात राहून, अर्ज करून, तिथलेच होऊन जायचं असेल तर त्याला कायद्याच्या मराठीत देशीयकरण म्हणतात. बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही, सगळे नॅचरलायझेशनच म्हणतात. त्यात भाषा, चारित्र्य, फी, परीक्षा अशा बऱ्याच अटी असतात. पण लोक अडकतात ते जास्त करून वास्तव्याच्या अटीत, कारण ती सोपी वाटते. पाच वर्षं राहायचं, झालं.

झालं नसतं. का ते माझ्या पुतण्याच्या अर्जावरून सांगतो.

पुतण्या २०१८ साली नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला गेला. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याला तिथं कायम राहण्याची परवानगी मिळाली. ब्रिटनचा नियम असा की ही परवानगी हातात आल्यावर आणखी बारा महिने थांबायचं आणि मग नागरिकत्वाचा अर्ज करायचा. (लग्न ब्रिटिश नागरिकाशी झालं असेल तर हे बारा महिने थांबावं लागत नाही.) म्हणून कागदावर पाच वर्षं असली तरी नोकरीवाल्याची निदान सहा होतात. पुतण्यानं तेवढं थांबून २०२५ च्या मार्चमध्ये अर्ज करायचं ठरवलं.

ब्रिटनच्या वहीत चार रकाने आहेत. पहिला, अर्ज पोचला त्या दिवसापासून मागे मोजून पाच वर्षं. दुसरा, त्या पाच वर्षांत देशाबाहेरचे दिवस ४५० पेक्षा जास्त नकोत. तिसरा, त्यातल्या शेवटच्या बारा महिन्यांत बाहेरचे दिवस ९० पेक्षा जास्त नकोत. चौथा रकाना लोक वाचतच नाहीत: त्या पाच वर्षांच्या अगदी पहिल्या दिवशी तुम्ही अंगानं ब्रिटनमध्ये हजर असायला हवं. तिथं घर होतं, नोकरी चालू होती, बँकेत पगार जमा होत होता, हे चालत नाही. तुम्ही स्वतः, त्या तारखेला, त्या जमिनीवर.

आता इथे आपल्या डोक्यात गोंधळ होतो. आपण वर्षं पुढे मोजतो: अमुक साली गेला, म्हणजे इतकी झाली. ही वर्षं मात्र मागे मोजायची असतात. १२ मार्च २०२५ ला अर्ज पोचला तर पाच वर्षांचा पहिला दिवस येतो १३ मार्च २०२०. अर्ज एक दिवस उशिरा पोचला तर पहिला दिवसही एक दिवस पुढे सरकतो. जुन्या विहिरीवरच्या रहाटाचे पोहरे आठवा. एक भरून वर आला की पलीकडे एक रिकामा होऊन खाली जातो. माळ तेवढीच राहते, पोहरे बदलतात. रोज एक नवा दिवस हिशेबात येतो आणि पाच वर्षांपूर्वीचा एक दिवस हिशेबातून गळतो.

पुतण्यानं स्वतःचे बाहेरचे दिवस आठवून यादी केली आणि मला व्हॉट्सॅपवर टाकली. "काका, एकदा पाहून घ्या, तुम्हाले फॉर्मची सवय आहे." २०२० साली १७ मार्चला गावी आलो आणि लॉकडाऊनमध्ये अडकलो, १८ जुलैला लंडनला परत उतरलो. डिसेंबर २०२१ ची भेट ४१ दिवस. बहिणीच्या लग्नाला २०२२ मध्ये ३८. दादाच्या (दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, पुतण्याचा बाप) बायपासच्या वेळी २०२३ मध्ये ९६. मागच्या दिवाळीला ५२. सगळे मिळून साडेतीनशेच्या आत. ४५० ला भरपूर जागा. शेवटच्या वर्षात ५२, म्हणजे ९० च्या खालीच. आणि १३ मार्चला तो अजून लंडनलाच होता, कारण आला १७ ला. सगळे रकाने बरोबर.

फक्त १७ तारीख मला पटेना. तो आला तेव्हा गावात होळी पेटायची होती, हे मला चांगलं आठवत होतं. बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होळीच्या आसपास ठरलेलं आणि त्यासाठीच तर तो आला होता. २०२० ची होळी ९ मार्चची. मग १७ कशी?

त्याला विचारलं तर म्हणाला, "नाही काका, मी आलो अन् लगेच सगळं बंद झालं." डोकं असंच चालतं. मोठी घटना लक्षात राहते आणि बाकीच्या तारखा तिला येऊन चिकटतात. विमानं बंद झाली २२ मार्चला, देशभर लॉकडाऊन लागलं २५ ला. त्याच्या आठवणीत त्याच्या येण्याची तारीख त्या बंदच्या जवळ सरकली होती.

मग आम्ही वहिनीकडे गेलो. वहिनी म्हणजे त्याची आई. वहिनी कालनिर्णय फेकत नाही. वर्ष संपलं की खिळ्यावरून काढते, सुतळीनं बांधते आणि धान्याच्या कोठीवरच्या फळीवर ठेवते, कारण तिचा दुधाचा हिशेब सगळा त्यावर असतो. २०२० चं काढलं. मार्चच्या पानाला हळदीचे डाग. प्रत्येक चौकटीत दुधाचे आकडे, दीड, दोन, दीड, आणि शनिवारी ७ तारखेच्या चौकटीत पेनानं बारीक अक्षरात "बाबू आला". दूध त्या दिवसापासून दोन लिटर.

म्हणजे तो लंडनहून निघाला ६ मार्चला. १३ मार्च २०२० ला तो आमच्या ओट्यावर बसून उसाचा रस पीत होता, ब्रिटनच्या जमिनीवर नव्हता. बेरजेत तो पास होता. पहिल्याच दिवशी नापास.

यावर दोन वाटा होत्या. एक, खरी तारीख लिहून अर्ज करायचा आणि सूट मागायची. २०२२ पर्यंत ब्रिटनमध्ये पहिल्या दिवसाच्या अटीला जवळजवळ सूटच नव्हती. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि खास कारण असेल तर सरकारला ती अट सोडून देता येऊ लागली. लॉकडाऊन हे कारण अगदीच फालतू नव्हतं. पण तो आला तो लॉकडाऊनमुळे नव्हे, साक्षगंधाला आला होता. १३ तारखेला विमानं चालूच होती. सूट मागणं म्हणजे तलाठ्याला "साहेब, बघा ना काहीतरी" म्हणण्यासारखं. होईलही, नाहीही. आणि अर्जाची फी दीड हजार पौंडांच्या वर, अर्ज फेटाळला तर तिचा मोठा भाग गेलाच.

दुसरी वाट, थांबायचं. रहाट फिरू द्यायचा.

थांबण्याचा फायदा मी त्याला कागदावर दाखवला. ब्रिटन प्रवासाचे दोन टोकांचे दिवस खाड्यात धरत नाही. निघाल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस सोडून मधले पूर्ण दिवसच मोजतो. (तान्ह्या पोळ्याचा वाद तिथं असा मिटवलेला आहे.) ६ मार्च ते १८ जुलै यांच्यामधले पूर्ण दिवस १३३. मार्चमध्ये अर्ज केला असता तर त्यातले १२७ हिशेबात आले असते, कारण ७ ते १२ मार्चचे सहा दिवस पाच वर्षांच्या बाहेर पडले असते. त्यात बाकीचे २२७ मिळवले की ३५४. तेच २१ जुलै २०२५ ला अर्ज पोचला तर पहिला दिवस येतो २२ जुलै २०२०. त्या दिवशी तो लंडनमध्ये होता. आणि लॉकडाऊनचे सगळेच्या सगळे १३३ दिवस वहीतून गळून गेले. उरले फक्त २२७. चार महिने थांबून दोन्ही कामं झाली, फुकट.

१८ लाच का नाही, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण ज्या तारखेवर सगळं टेकलेलं आहे तिला अगदी चिकटून अर्ज करू नये असं माझं मत आहे. विमान उशिरा उतरलं, शिक्का दुसऱ्या तारखेचा पडला, एखादा दिवस इकडचा तिकडे झाला तर? चार दिवस जास्त गेले तर जाऊ द्या.

या सगळ्यात मला मोठी भीती नापास होण्याची नव्हती. चुकीची तारीख लिहिण्याची होती. ब्रिटनचं सरकार ४५० च्या थोडं वर, म्हणजे ४८० पर्यंत गेलेल्याला बाकी सगळं ठीक असेल तर सहसा सोडून देतं. शेवटच्या वर्षातही ९० चे १०० झाले तर फारसं ताणत नाही. खाड्याला माफी असते. पण १७ लिहिलं आणि विमानतळाच्या नोंदीत ७ निघालं तर प्रश्न खाड्याचा राहत नाही, खोटं लिहिल्याचा होतो. चांगल्या चारित्र्याची अट वेगळी असते आणि तिथं मनातून चुकलं का मुद्दाम चुकलं हे सिद्ध करत बसावं लागतं.

त्याचा जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट पुढे वहिनीच्याच पेटीत सापडला. २०२१ मध्ये नवा काढल्यावर "जुना काय कामाचा" म्हणून तो गावी ठेवून गेला होता. त्यावर दिल्लीचा शिक्का होता, ७ मार्च. कालनिर्णय आणि शिक्का एकमेकांशी जुळले. म्हणून सगळ्यांना सांगतो: रद्द झालेला पासपोर्ट हा खाड्यांच्या वहीचा अर्धा भाग असतो. त्याला टाकायचा नाही, पोराच्या खेळण्यात द्यायचा नाही.

आता बाकीच्या देशांच्या वह्या. ब्रिटनवर मी जास्त बोललो कारण ती आमच्या घरात उघडली गेली. बाकीच्यांची जात तीच, पण माप वेगळं.

कॅनडा खाडे मोजत नाही, हजेरी मोजतो. आपल्या रोजगार हमीच्या हजेरीपटासारखं. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस, म्हणजे तीन वर्षांचे दिवस, अंगानं कॅनडात भरलेले पाहिजेत. बाकीचे दिवस तुम्ही कुठेही असा. अर्ज करताना कायमचा रहिवासी असणं मात्र गरजेचं. त्यात एक चांगली सोय आहे: कायमचे रहिवासी व्हायच्या आधी तुम्ही शिकायला किंवा कामाला तिथं होतात तर तो दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. म्हणजे दोन वर्षं शिकलात, ७३० दिवस, तर हातात ३६५ आले. मग कायमचे रहिवासी म्हणून उरलेले ७३० भरा. पण हे अर्धे दिवससुद्धा त्याच पाच वर्षांतले हवेत. इथेही रहाट आहे. फार वर्षं परवान्यावर काढून मग कायमचा रहिवासी झालेल्याचे जुने अर्धे दिवस एकेक करून गळत असतात, आणि त्याला वाटतं ते साठून आहेत. शिवाय पाचपैकी तीन वर्षांचा आयकर भरलेला दाखवावा लागतो. कॅनडा सरकारनं दिवस मोजायचं ऑनलाइन गणकयंत्र ठेवलं आहे. आपण बोटावर मोजण्यापेक्षा ते वापरावं.

ऑस्ट्रेलियाचं माप चार वर्षांचं. चार वर्षं कायदेशीर व्हिसावर, त्यातलं शेवटचं वर्ष कायमचे रहिवासी म्हणून. चार वर्षांत एकूण बारा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर नाही आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. ऑस्ट्रेलियाची वही मला सर्वांत सरळ वाटते.

अमेरिकेची वही मात्र आपल्या लोकांना रडवते, आणि रडवते ती खाड्यांमुळे नाही. तिथलं साल ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, हातात येतं त्या दिवशी सुरू होतं. त्याच्या आधी नोकरीच्या व्हिसावर काढलेली दहा-पंधरा वर्षं या हिशेबात शून्य. भारतात जन्मलेल्यांची नोकरीतल्या ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे ज्यांच्या घरातलं कोणी तिथं आहे त्यांना मी सांगायला नको. कार्ड मिळाल्यावर पाच वर्षं. अमेरिकन नागरिकाशी लग्न असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर तीन. त्या पाच वर्षांत निदान तीस महिने अंगानं तिथं. पाच वर्षं पुरी व्हायच्या नव्वद दिवस आधी अर्ज टाकता येतो, तेवढी सवलत.

पण अमेरिकेत बेरीज एकटी पुरत नाही, सलगपणाही बघतात. एकाच फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं धरून चालतात. नाही तुटलं हे तुम्ही दाखवायचं, घर होतं, नोकरी होती, कर भरला. वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर तुटलंच. नातवाला सांभाळायला आईबाप तिथं जातात त्याच्या उलट गोष्ट मी पाहिली आहे: ग्रीन कार्ड असलेली आई नागपूरला येऊन म्हाताऱ्या सासूजवळ दहा महिने राहिली, आणि आपण काही गमावतोय हे तिला परत गेल्यावर कळलं. त्यापेक्षा पाच-पाच महिन्यांच्या दोन फेऱ्या बऱ्या होत्या. दिवस तेवढेच झाले असते.

आखातात गेलेल्यांनी हा हिशेब मांडायची गरज पडत नाही. तिथं साध्या कामगाराला नागरिकत्व मिळण्याचा रस्ताच जवळपास नाही. वीस वर्षं राहिलं तरी करार संपला की परत.

आपल्या देशाची वही काय म्हणते, हेही लोक विचारतात. गावात परदेशी सून आली की हमखास. १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन दरवाजे ठेवतो. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी माणसाला नोंदणीचा दरवाजा, तिथं वास्तव्य सात वर्षांचं. त्याचं माप असं: अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. ज्याचं असं कोणतंच नातं नाही त्याला देशीयकरणाचा दरवाजा: बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं. ते शेवटचे बारा महिने इथे फार कडक आहेत. ब्रिटन शेवटच्या वर्षात ९० दिवस देतो, आपण सलग म्हणजे सलग म्हणतो. २०१५ च्या दुरुस्तीनं खास कारणासाठी तीस दिवसांपर्यंत सूट द्यायचा अधिकार सरकारला दिला, बस. माहेरी युरोपात बाळंतपणाला जाऊन आलेल्या सुनेचे बारा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात.

देशीयकरणात आणखी एक अट आहे जी मला मनापासून आवडते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान हवं. त्या यादीत मराठी आहे. वऱ्हाडी बोलून अधिकाऱ्यासमोर ते पुरेसं ठरेल का हे कुणीतरी करून पाहावं.

विदर्भात हा प्रश्न नवा नाही. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेराच्या बाजूला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची वसलेली गावं आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. नागपुरात पाकिस्तानातून आलेले सिंधी हिंदू वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिले, आणि २०१६ मध्ये अशा लोकांच्या अर्जांचे अधिकार केंद्रानं ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यात नागपूरचे होते. २०१९ च्या दुरुस्तीनं पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांपैकी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी अकराची पाच वर्षं केली. नियम यायला मार्च २०२४ उजाडलं. त्यातून मुसलमानांना वगळल्यावर देशभर जो वाद झाला तो इथे काढत नाही. दिवसांच्या हिशेबापुरतं बोलायचं तर अकराचे पाच होणं म्हणजे एका माणसाची सहा वर्षं वाचणं.

तिबेटी लोकांची गोष्ट मजेशीर आहे, कारण तिथं काहींना दिवस मोजायचीच गरज नव्हती. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस, आईबाप कोणीही असोत, जन्मानंच नागरिक. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत हेच सांगितलं. म्हणजे गोठणगावच्या वसाहतीत एकाच घरात थोरला १९८५ चा म्हणून नागरिक आणि धाकटा १९८९ चा म्हणून नाही, असं होऊ शकतं. वास्तव्य दोघांचं सारखंच, जन्मापासूनचं.

पुन्हा घरी येतो. बाहेर गेलेल्या पोरांनी काय करावं, तर पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. मोबाइलमध्ये एक साधी नोंद: निघालो, पोचलो, कुठे, कशासाठी. तिकिटाचा ईमेल एका फोल्डरमध्ये. गावी यायचं तिकीट काढताना आधी मागचे बारा महिने बघावेत आणि मग पुढचे. लग्नाची तारीख काढताना भटजीकडे बसलेल्या मोठ्यांनीही पोराला एकदा विचारावं की तुझे किती दिवस उरलेत. आमच्याकडे लग्नाआधी पंधरा दिवस आणि नंतर पंधरा दिवस पोरानं राहिलंच पाहिजे असा जो आग्रह असतो तो त्याच्या वहीतून वजा होत असतो. आणि नियम बदलतात, ब्रिटनचे तर हल्ली फारच. अर्जाच्या महिन्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जे लिहिलेलं असेल तेच खरं धरावं, माझं किंवा व्हॉट्सॅपवरच्या मावसभावाचं नाही.

आजारपणाचं काय करायचं, ते मला सांगता येत नाही. दादाच्या बायपासच्या वेळी पुतण्या ९६ दिवस राहिला, तेव्हा त्यानं एकही दिवस मोजला नव्हता. मोजायलाही नको होता.

२१ जुलैला अर्ज गेला. त्या संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. त्याला दिवसांत रस नव्हता. त्याचा प्रश्न वेगळाच. "मंग आता तो तिकडचा झाला की माह्या सातबाऱ्यावर त्याचं नाव लागन का नाही?"

प्रश्न बरोबर होता. आपला देश दोन नागरिकत्वं चालवून घेत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं आपोआप संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला मिळणारं कार्ड, काढता येतं. त्यावर कितीही वेळा या-जा, हवं तेवढं राहा, मत देता येत नाही. वारसानं शेती येऊ शकते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव लागतं. विकत मात्र घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानंही नाही. ती वारसाची शेती त्याला पुढे विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. हे सगळं मी त्याला सांगितलं.

दादा थोडा वेळ बसला. "मंग ते बाजूचं दोन एकर आत्ताच त्याच्या नावानं घेऊन टाकतो. नागरिकत्व भेटाच्या आधी."

"जमत नाही दादा. तो भारतीय असला तरी परदेशात राहतो. परदेशात राहणाऱ्यालाही शेती विकत घेता येत नाही."

"असं हाय," दादा म्हणाला. मग उठून चप्पल शोधली. "तर माह्याच नावानं घेतो. मी गेल्यावर त्याले येतेच न वारसानं." आणि वावराकडे निघाला, कारण त्या आठवड्यात आमच्या फिडरला थ्री-फेज रात्री अकराला येत होती आणि मोटर चालू करायची होती.